ग्रुप लीडर झालीस ना, मग फावडं जरा दुसऱ्याच्या हातात दे

अगं, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या कॅम्पला पीओ, म्हणजे प्रोग्रॅम ऑफिसर सरांनी तुला ग्रुप लीडर केलंय, एफवायची (पहिल्या वर्षाची) पोरं काही ऐकत नाहीत, आणि शेवटी सगळं तूच करत बसतेस, असंच ना? मग अर्धा दोष तुझ्याकडे आहे बाई, रागावू नकोस, पण जी लीडर सगळं स्वतःच उरकते तिच्या ग्रुपमधली पोरं मस्त मोबाईल बघत बसतात, आणि का नाही बसणार?

तुमचा कॅम्प डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला एकाच पातळीत जाणारे लांब चर, खणायचा आहे म्हणालीस, मग तर सोपंय. पहिल्याच दिवशी समपातळी मोजायची ए-फ्रेम पोरांनाच बनवू दे. दोन सारखे बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, आणि वरून सुतळीला दगड लटकवायचा. पाय जमिनीवर टेकवून सुतळी काठीवर जिथे येते तिथे खूण, मग पायांची अदलाबदल करून परत खूण, दोन खुणांच्या बरोबर मध्ये जी रेघ येते ती समपातळीची. हे तू लेक्चरसारखं सांगू नकोस. एकीला शिकव, ती दुसऱ्याला शिकवेल, तू बाजूला उभी राहा. दुसरा चुकला तर लगेच तोंड उघडायचं नाही, पुढे चराची एक बाजू खाली गेली की पाणी तिकडेच धावतं आणि बांध फोडतं एवढं त्याला समजलं की तो स्वतःच परत माप घेईल. चर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, माती चराच्या खालच्या, उताराच्या बाजूला टाकायची, हे मात्र सगळ्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर दुपारी उलट्या बाजूची माती परत उपसत बसाल.

आणि जोड्या लाव. एक एसवाय (दुसऱ्या वर्षाचा), एक एफवाय. मैत्रीण मैत्रिणीबरोबर नको, तिथे नुसत्या गप्पा होतात. जो पोरगा कोपऱ्यात गप्प असतो त्याला हजेरी, घमेली-टिकाव मोजणं असलं खरं काम दे, पाहुण्यांना गुच्छ द्यायचं काम म्हणजे काम नव्हे. मार्कांसाठी आलेत म्हणून नाक मुरडू नकोस, १९६९ पासून चाललेल्या एनएसएसमध्ये दरवर्षी कितीतरी जण ग्रेस मार्क आणि सर्टिफिकेटसाठीच येतात, त्यातलेच काही नंतर टिकतात. दोन वर्षांत २४० तास भरायचेत, कोण कुठल्या तासाला बदलेल सांगता येत नाही.

ऑर्डरी सोडण्यापेक्षा प्रश्न विचार. गाडगेबाबा आधी स्वतः झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, हे मला कुठल्याही लीडरशिप वर्कशॉपपेक्षा भारी वाटतं (वर्कशॉपमध्ये निदान समोसा तरी मिळतो, ते सोड). म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्यात आधी घमेलं तू उचल, तेवढं हवंच. पण तिसऱ्या दिवशीही तूच सगळ्यात पुढे असशील तर काहीतरी गडबड आहे.

संध्याकाळी झेडपी शाळेतल्या पोरांना शिकवायचं ठरवलंय ते चांगलंय, फक्त तिथे एफवायवाल्यांना पुढे कर. तिसरीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी समजावताना ज्याला घाम फुटतो तो दुसऱ्या दिवशी श्रमदानात आपल्या जोडीदाराशी जरा धीराने बोलतो, हे मी कॅम्पमध्ये पाहिलंय.

गावातल्या बायकांशी पहिल्याच दिवशी बोल, पाणी कुठून आणतात, कुठला ओढा कधी आटतो, हे त्या सगळ्यात नीट सांगतात. सरपंचांचं भाषण काय, होईलच.

आणि बांबू इथून एसटीत घालून नेऊ नका, कंडक्टर कटकट करतो. गावातच मिळतात. सुतळी मात्र जास्तीची घे, दोन दिवसांत कुठे गायब होते कळत नाही.

तुझी ताई