घटका भरते म्हणजे नेमके काय भरते?

‘कंसाची घटका भरली’ आणि ‘कंसाच्या पापाचा घडा भरला’ यांत काही फरक आहे का, असा प्रश्न आला आहे. त्याला जोडून असेही विचारले आहे की घटका हे वेळेचे माप असेल, तर ते भरते कसे? मिनिट भरले असे कोणी म्हणत नाही.

घटका खरोखरच भरायची, पाण्याने. घटिका म्हणजे लहानसा घट. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढते, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आपल्या हिशेबाने 24 मिनिटे. मग वाटी रिकामी करून पुन्हा सोडायची. अशा 60 वाट्या बुडाल्या की एक अहोरात्र. घटकेची 60 पळे, म्हणजे पळ 24 सेकंदांचे. आणि पळ हे मुळात वजनाचेही माप होते.

घडा आणि घटका एकाच ‘घट’ शब्दाची लेकरे, तरी दोन्ही वाक्प्रचारांतले चित्र वेगळे आहे. पापाचा घडा वरून भरतो, भरणारा स्वतः तो कंस. पाप थांबवले तर घडाही थांबेल. घटका मात्र खालून भरते, कोणी काही करो वा न करो. म्हणून ‘घडा भरला’ यात दोष आहे, तर ‘घटका भरली’ यात नुसती वेळ. भल्या माणसाचीही घटका भरते, आणि लग्नाचीसुद्धा. लग्नघरी घटिकास्थापना करून मुहूर्ताची वाट बघत, ती याच वाटीकडे डोळे लावून. आता गुरुजी मनगटाकडे बघतात आणि घंगाळ असलेच तर शोभेला.

वाटी बुडाली हे गावाला कळणार कसे? बाबराने आपल्या आठवणींत ही व्यवस्था लिहून ठेवली आहे. उंच जागी पितळेची जाड थाळी टांगायची आणि नेमलेल्या माणसांनी तिच्यावर ठोके द्यायचे. या थाळीचे त्याने दिलेले नाव ‘घडियाल’. आपले घड्याळ ते हेच! आधी घंटा, यंत्र नंतर. बाबराची तक्रार मोठी गमतीची आहे. रात्री जाग आलेल्या माणसाला घटकांचे ठोके ऐकू येत, पण प्रहर कितवा चालू आहे ते कळत नसे. म्हणून घटकेच्या ठोक्यांनंतर थोडे थांबून प्रहराचेही ठोके द्यावेत, असा हुकूम त्याने काढला. आपला ‘तास’देखील मुळात अशी ठोके द्यायची थाळीच. घटका भरते ती वाटीमुळे आणि तास वाजतो तो थाळीमुळे. मुका मोबाइल बघूनही आपण ‘किती वाजले’ असेच विचारतो.

प्रहराचे गणित जरा निराळे. दिवसाचे चार, रात्रीचे चार. पण उगवतीपासून मावळतीपर्यंतचे चार भाग करायचे तर प्रहर ऋतूप्रमाणे लांबतो, आखडतो. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे 33 घटकांचा, सर्वांत लहान साडेसत्तावीसच्या आसपास. द्विप्रहरावरून झालेली दुपार आणि प्रहरावरून आलेला पहारा आपण रोज वापरतो, प्रहर मात्र विसरलो.

मला सर्वांत आवडते ते जुन्या कागदांतले ‘उरली’ हे क्रियापद. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार घटनांच्या यादीतली, नोंद पाहा. शके 1596, ज्येष्ठ शुद्ध 12, शुक्रवार, ‘तीन घटिका रात्र उरली’ तेव्हा महाराज सिंहासनावर बसले. किती वाजले नव्हे, रात्र किती शिल्लक आहे! सूर्योदयाला 72 मिनिटे होती, म्हणजे आजच्या घड्याळात पाचाच्या आतच. आणि वार शुक्रवार का, तर दिवस सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. मध्यरात्रीपासून मोजणाऱ्या इंग्रजी पद्धतीने तो 6 जून 1674, शनिवार. नोंद चुकलेली नाही. दिवस कुठे सुरू होतो याबद्दलच मतभेद आहे. गावाकडे ‘कासराभर दिवस वर आला’ म्हणणारी माणसे मी ऐकली आहेत. तिथेही वेळ आकाशातच मोजलेली, बैलाच्या दोरीने.

तेव्हा कंसाबद्दल लिहिताना दोन्ही चालतील, फक्त त्याला दोष द्यायचा असेल तर घडा घ्या. ‘घटकाभर बस’ म्हणणाऱ्याकडे मात्र 24 मिनिटांचा हिशेब मागू नये. अमुक साखर कारखाना ‘शेवटच्या घटका मोजतोय’ असे छापणाऱ्या वर्तमानपत्राकडे तर मुळीच नको. तो कारखाना गेली दहा वर्षे मोजतोच आहे.