सहा महिने रानात एकटं राहिलं तर माणूस शांत होतो की भ्रमिष्ट?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातली आयटीतली नोकरी, गर्दी, दिवसभराचे कॉल या सगळ्याचा वीट आलाय आणि सहा महिने कुठल्यातरी जंगलात एकटं राहायचं मनात आहे. एवढ्या काळानं माणूस शांत होतो की भ्रमिष्ट, असा तुमचा प्रश्न. दोन्ही थोडं थोडं होतं. त्यातलं काय किती चाललंय हे मात्र त्या माणसाला स्वतःला कळत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

मी नांदेड जिल्ह्यातला. किनवट-माहूरच्या पट्ट्यात, पैनगंगेकडच्या सागाच्या जंगलात काही उन्हाळे फायर वॉचर म्हणून काढलेत. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. त्या काळापुरते हंगामी मजूर घेतात. जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ ठेवायच्या, धूर दिसला की कळवायचं आणि विझवायला पळायचं, हे काम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून रानाला आग लावतात, आणि वारा सुटला की ती आग कुणाच्या बापाची राहत नाही. संरक्षण कुटीवर खरं तर आम्ही दोघं होतो. जोडीचा गडी घरच्या अडचणीमुळे गावी गेला तो परत आलाच नाही. पुढं मीही जोडीदार मागितला नाही. वनरक्षक साधारण पंधरवड्यातून मोटारसायकलवर यायचे. पीठ, डाळ, तेल, मीठ टाकून जायचे. पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं. मोबाईलला रेंज हवी असेल तर टेकडी चढायची.

सुरुवातीला शांतता अजिबात मिळत नाही. बाहेरचा गलका थांबला की आतला सुरू होतो, आणि तो फार मोठा असतो. माझ्या डोक्यात बांधावरून चुलत्याशी झालेलं भांडण दिवसरात्र चालायचं. त्यांना तेव्हा काय सुनवायला हवं होतं ते मी जाळरेषेवर पाला ओढता ओढता मोठ्यानं बोलत असायचो, पुन्हा पुन्हा, शब्द बदलून. हे माझंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं आपल्या विचारांसोबत बसवलं. हाताशी एक बटण, दाबलं की विजेचा झटका. तो झटका टाळायला आम्ही पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलेलं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलं! पंधरा मिनिटांत ही गत. तेव्हा पहिले काही आठवडे तुम्हाला पळून यावंसं वाटलं, तर त्यात तुमचं काही चुकलंय असं समजू नका.

मग एक दिवस कंटाळ्याचीच धार जाते. भांडणं संपत नाहीत, पण त्यात तुम्हालाच रस उरत नाही. आणि तेव्हा कान उघडतात.

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्यातला खरा बदल हाच. मार्च-एप्रिलमध्ये सागाचा पाला खाली पडून वाळलेला असतो. पान केवढं मोठं असतं, आणि वाळलं की पापडासारखं वाजतं. त्या पाल्यावरून कुणालाच गुपचूप जाता येत नाही. पहिल्या हंगामात मला प्रत्येक खसखस बिबट्याची वाटायची. पुढं पुढं न बघता कळायला लागलं. घोरपड चालली की पाला सलग ओढल्यासारखा वाजतो, मधे खंड नाही. सातभाई असतील तर एकाच जागी दहा ठिकाणी उकराउकर आणि वर कलकलाट. मोर पाऊल टाकतो आणि थांबतो. रोही, म्हणजे नीलगाय, जड चालतं, त्याच्या खुराखाली पाल्याबरोबर काटकीही मोडते. जवळजवळ प्रत्येक जनावर चार पावलं टाकून थांबतं, कानोसा घेतं, मग पुढं जातं. माणूस थांबत नाही. एकसारखी पावलं टाकत येतो तो माणूस, आणि हे मला झोपेतही कळायचं. नाकाचंही तसंच. गवत जळतंय की पाला, की नुसती कुणाची बिडी, हे धूर दिसायच्या आधी कळायचं. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं खायला अस्वलं येतात. अस्वल त्या झाडाखाली आहे की येऊन गेलंय हे वानरांवरून आणि वासावरून ठरवूनच मी बाहेर पडायचो. यात अद्भुत काही नाही. शहरात कान नको ते गाळण्यात गुंतलेले असतात. रानात गाळण्यासारखं काही नसतं, म्हणून ते मोकळे होतात.

वेळेचंही बदलतं. आमच्याकडं वार कळतो आठवडी बाजारावरून. बाजार नाही, शाळा नाही, देवळातला गुरुवार नाही, मग वार कशावरून ओळखायचा? सकाळ-दुपार कळते, पण मंगळवार की शनिवार हे हळूहळू निरर्थक होतं. सूर्यसुद्धा नसेल तर काय होतं ते मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञानं स्वतःवर बघितलं. १९६२ साली तो आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोनेक महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट होता. जवळजवळ महिना त्याच्या लेखी झालाच नव्हता. रानात एवढं होत नाही, पण मागं वळून बघितलं की सगळा हंगाम आठवड्याभराचा वाटतो, आणि त्यातली एखादी दुपार मात्र अख्खी आठवते.

आता अवघड भाग. आपल्याला कुणीतरी बघतंय, या जाणिवेवर आपलं केवढंतरी चालतं. दाढी करणं, ताट घेऊन बसणं, ओरडायच्या आधी थांबणं, सगळं. बघणारं कुणी नसलं की आधी ढोंग गळतं. हे सुख फार मोठं आहे. मला कुणाला हुशार वाटायचं नव्हतं, कुणाच्या पुढं जायचं नव्हतं. पण ढोंग गळून पडलं की गळती तिथंच थांबत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात ख्रिस्तोफर नाइट नावाचा माणूस १९८६ साली जंगलात शिरला आणि २०१३ साली पकडला जाईपर्यंत, म्हणजे २७ वर्षं, तिथंच राहिला. मधल्या काळात वाटेत भेटलेल्या एका माणसाला त्यानं फक्त ‘हाय’ म्हटलं होतं. समोर कुणीच नसल्यामुळे आपण कोण ही जाणीवच विरत गेली, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. त्याच्याबद्दल वाचताना मला आतून ओळख पटली. आणि हेही लक्षात घ्या, की तो जगला आजूबाजूच्या घरांतून आणि शिबिरांतून चोरलेल्या अन्नावर, जवळजवळ हजार चोऱ्या करून. रानात एकटा राहणारा माणूस कुणाच्या तरी पिठावरच जगतो. मी वनरक्षकांनी आणलेल्या पिठावर जगलो.

एका एप्रिलमध्ये दुपारी लांबून त्यांच्या मोटारसायकलचा आवाज आला, आणि मी उठून मोहाच्या बुंध्याआड जाऊन उभा राहिलो. भीती नव्हती, राग नव्हता. फक्त कुणी येऊ नये असं वाटत होतं. ते आले, हाका मारल्या, कुटीत डोकावले. चूल गार होती. भगुन्यात जुनं पिठलं सुकून तडकलं होतं. किती दिवसांत चूल पेटली नाही ते त्यांना राखेवरून कळलं असणार. मी बाहेर आलो तेव्हा बोलायला गेलो आणि घशातून आवाजच नीट निघेना, घोगरा, फाटका. त्यांनी काही विचारलं नाही. “चल, पोरीचा वाढदिवस हाय, दोन दिस घरी चल,” एवढंच म्हणाले आणि गाडीवर बसवलं. वाढदिवस वगैरे काही नव्हता. दोन दिवस मी त्यांच्या अंगणात बसून त्यांच्या आईचं बोलणं ऐकत राहिलो. तोवर मी स्वतःला अत्यंत शांत आणि सुखी समजत होतो.

म्हणून मी म्हटलं की आपलं आपल्याला कळत नाही. अॅडमिरल रिचर्ड बर्ड हा अमेरिकन ध्रुवप्रवासी १९३४ साली अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात बर्फात पुरलेल्या एका खोलीत हवामानाच्या नोंदी घेत एकटाच राहिला. स्टोव्ह आणि जनित्राच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं तो मरणाच्या दारात पोचला. अंधारात आपल्यासाठी दुसऱ्यांचा जीव जाऊ नये म्हणून रेडिओवर तो सगळं ठीक असल्याचं सांगायचा. त्याच्या संदेशांतला विस्कळीतपणा मुख्य तळावरच्या लोकांनी हेरला, आणि ऑगस्टमध्ये तिघं जण त्याच्यापर्यंत पोचले. त्याला वाचवलं ते तिकडं कान देऊन बसलेल्या माणसांनी.

ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या रानात गेल्या ते एकांताकडं कसं बघतात, तेही सांगतो. आमच्या भागात कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. तिथले एक म्हातारे बाबा मध गोळा करायला यायचे, पण कधी एकटे नाही. बरोबर नातू नाहीतर पुतण्या असायचाच. मला एकटा बघून त्यांनी विचारलं, “घरच्यांनी हाकलून दिलं का रे पोरा?” मी म्हटलं, “नाही बाबा, मला आवडतं.” त्यांना ते पटलं नाही. पुढच्या खेपेला ते मुद्दाम वाट वाकडी करून कुटीवर आले, बसले, तंबाखू मळली, फार काही न बोलता गेले. मग प्रत्येक वेळी तसंच. रान त्यांच्याइतकं मला कधीच कळणार नाही, आणि त्यांच्या लेखी रानात एकटा माणूस म्हणजे ज्याची चौकशी करायला हवी असा माणूस. जवळच माहूरगड. दत्तप्रभू रोज निद्रेला माहूरला येतात अशी आमच्याकडं श्रद्धा आहे, पण भिक्षेला मात्र ते कोल्हापूरला जातात. मला यातली भिक्षा फार महत्त्वाची वाटते. रोज कुणाच्या तरी दारात उभं राहायचं असतं.

परत आल्यावरचं थोडक्यात. जूनमध्ये पाऊस लागला की घरी. पहिले काही दिवस पंख्याचा आवाज सहन व्हायचा नाही, लग्नाच्या पंगतीत मी कडेला बसायचो, कुणी प्रश्न विचारला तर उत्तर यायला वेळ लागायचा. आई काळजीत पडायची. कानांची ती धार तर दिवाळीपर्यंत गेलेली असायची. राहिलं ते हे: समोरचा बोलत असताना मी मधे तोंड घालत नाही, तो थांबल्यावरही जरा थांबतो. चुलत्यांशी पुढं बांधावरून बोलणं झालं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचं सगळं ऐकून घेतलं. बांध आहे तिथंच आहे, पण आता आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो.

तर तुमच्यासाठी. एकदम सहा महिने जाऊ नका. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. बुद्ध पौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांवर मचाणावर बसून रात्रभर प्राणी बघण्याची संधी देतो, तिथून सुरुवात करा. बोलणं बंद, मोबाईल बंद, एक रात्र. ती झेपली आणि आवडली तर जंगलालगतच्या एखाद्या गावात महिनाभर राहा, आणि काहीतरी काम धरा. नुसतं बसायला गेलेला माणूस लवकर खचतो. मला जाळरेषेनं सांभाळलं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आत्ता अजिबात जाऊ नका. आधी डॉक्टरांना भेटा. रान त्यावरचं औषध नाही, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

आणि एक माणूस ठरवून ठेवा. फोनवरचा चालणार नाही, प्रत्यक्ष येऊन चूल बघणारा हवा. त्याला आधीच सांगा की मी ‘बरा आहे’ म्हटलं तरी विश्वास ठेवू नको, भांडी बघ, नखं बघ, मी तुझ्याशी नजर मिळवून बोलतोय का ते बघ. तो म्हणाला चल, तर त्या दिवशी वाद न घालता निघायचं.

किनवटकडं यायचं ठरलं तर नोव्हेंबरात या. नाल्यांना पाणी असतं, आगीची धास्ती नसते, आणि रात्री थंडी बऱ्यापैकी पडते, तेव्हा घोंगडी घेऊन या. राहण्यासाठी गाव आणि तिथला भेटायला येणारा माणूस, दोन्ही मी बघून देईन.