वाचकांचे प्रश्न: टुंड्राच्या किनाऱ्यावर झाडं का वाढत नाहीत?

प्रश्न: अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र आहे, उन्हाळ्यात सूर्य मावळतही नाही. मग तिथली झुडपं घोट्याएवढीच का?

उत्तर: समुद्रच उन्हाळा थंड ठेवतो. अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियागविक गावात जुलैचं सरासरी तापमान ५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं; झाडं वाढायला ते पुरत नाही. त्यात जमीन उन्हाळ्यात वरवरच, बऱ्याच ठिकाणी जेमतेम ३० ते ५० सेंटिमीटर वितळते. खालच्या कायम गोठलेल्या थरातून पाणी झिरपत नाही, म्हणून पाऊस कमी पडूनही दलदल होते. अशा मातीत हवा कमी असते, कुजण्याचा वेग मंद राहतो आणि नायट्रोजन न कुजलेल्या पालापाचोळ्यात अडकून पडतो, झाडांना मिळत नाही.

खरा कारागीर मात्र वारा. हिवाळ्यात तो बर्फाचे कण सँडपेपरसारखे फांद्यांवर घासतो. बर्फाच्या थरावर डोकावणारी कळी सोलून, सुकून मरते. आत दबलेली वाचते. म्हणून आर्क्टिक विलो हे झुडूप जमिनीलगत आडवं पसरतं. मॉस कॅम्पियन या बुटक्या फुलझाडाची घट्ट उशी तर निरखून पाहण्यासारखी: उन्हात तिचा आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहूनही जास्त उबदार होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, मिठाची. वादळात खारं पाणी आत घुसलं की विलो आणि शेवाळ जळतं. तिथे पुक्सिनेलिया फ्रिगॅनोडिस हे बुटकं गवत टिकतं. ते बी क्वचितच धरतं, पण तुटलेल्या तुकड्यांतून चिखलात पुन्हा रुजतं.