सोलापूरला आयसीयूत वडिलांची सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालतात ती औषधांची नळी) जांघेतून टाकलीय, धाप होती आणि प्लेटलेट कमी होत्या, मानेतून टाकायला पाहिजे होती का?

नाही, तुम्ही सांगताय त्या अवस्थेत जांघ चुकीची नाही, कारण धाप लागलेल्या माणसाला मानेच्या लाइनसाठी डोकं खाली करून आडवं झोपवणं अवघड असतं, आणि प्लेटलेट कमी असताना रक्त आलंच तर जांघेत दाबून धरता येतं, कॉलरबोनखाली, म्हणजे लाइन टाकायच्या तिसऱ्या जागी, तसं नीट दाबताच येत नाही. मी इथंच आयसीयूत कामाला आहे, त्यावरून सांगतोय. २०१५ ला फ्रान्समधल्या १० आयसीयूंची मोठी ट्रायल छापून आली, त्यात कॉलरबोनखालच्या लाइनला रक्तातलं इन्फेक्शन आणि शिरेतली गुठळी सगळ्यात कमी निघाली पण फुफ्फुसाबाहेर हवा साठून छातीत नळी घालायची वेळ १.५ टक्के लाइन्समध्ये आली, मानेत ०.५, आणि इन्फेक्शन-गुठळी एकत्र धरली तर मान आणि जांघेत ठोस फरक दिसलाच नाही. फक्त एक, जांघेतली लाइन उगाच लांबवू नये, लघवी-संडास जवळ, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, घामानं ड्रेसिंग सुटतं, ते सुटलेलं दिसलं की लगेच सिस्टरना सांगा, आणि धाप, बीपी, प्लेटलेट सावरले की लाइन अजून लागते का हे रोज राउंडला विचारत जा, त्यात डॉक्टरांना राग यायचं काही कारण नाही.