मुलगी अप्लाइड आर्ट शिकतेय. डिझाइनच्या लाइनमध्ये बायका मोठ्या पदावर जातात का?

तुम्ही विचारलंय की लेक शेवटच्या वर्षाला आहे, वर्गात निम्म्याहून जास्त मुलीच आहेत, पण एजन्सीत किंवा स्टुडिओत गेलं की केबिनमध्ये पुरुष बसलेला असतो. मग या मुली मधे जातात कुठे, आणि तुमच्या लेकीने काय करावं?

जातात हो, मोठ्या पदावर जातात. मी मूळची इचलकरंजीची, शिक्षण अप्लाइड आर्टच, नोकरीला वीस वर्षं झाली. सध्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा जणांची डिझाइन टीम माझ्या हाताखाली आहे. मुली गळतात कुठे, याचं उत्तर सगळे 'लग्न आणि बाळंतपण' असं देतात. ते आहेच, त्याच्यावर येते. पण माझ्या मते गळती त्याच्या आधीच सुरू झालेली असते. मुलींना फिनिशिंगला बसवतात आणि मुलांना प्रेसवर, म्हणजे छापखान्यात पाठवतात, तिथे.

माझी पहिली नोकरी सहा माणसांच्या स्टुडिओत. ब्रोशर, कॅलेंडर, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती. दिवाळीचं काम गणपतीतच अंगावर यायचं. सर माझं कौतुक करायचे, "हिचा हात स्वच्छ आहे." हात स्वच्छ, म्हणून प्रत्येकाचं लेआउट शेवटी माझ्याच मशीनवर. मार्जिन सरळ कर, अक्षरांमधलं अंतर बघ, फाइल इकडून तिकडे आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलाय तो जागेवर आण. दिवसभर दुसऱ्यांची कामं पुसून लख्ख करायची. मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

छपाई मात्र रात्री लागायची आणि प्रेसवर जायचा माझ्यानंतर सहा महिन्यांनी आलेला मुलगा. "रात्री बाईमाणसाला कुठे पाठवायचं?" असं सर म्हणायचे. मलाही बरंच वाटायचं, वेळेवर घरी जाता यायचं. दोनेक वर्षांनी एक मोठा कॅटलॉग आला. क्लायंटने समोर बसून विचारलं, अंदाजे किती जाईल? मी कव्हरचं स्केच धरून बसलेली. तो मुलगा म्हणाला, १७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर घेऊ, अठरा बाय पंचवीसच्या शीटवर एका बाजूला चार पानं बसतील, वेस्टेज एवढं धरा, आणि आकडा सांगून मोकळा झाला. त्या दिवसापासून क्लायंटकडे तो जायला लागला. पुढे स्टुडिओ मॅनेजर झाला. डिझायनर म्हणून तो माझ्यापेक्षा उजवा नव्हता. पण त्याला पैशाचं कळत होतं, आणि ते त्याला रात्री दोन वाजता मशीनशेजारी उभं राहून कळलं होतं.

मग मीही हट्टाने गेले. पहिल्या रात्री मशीनवरच्या मामांनी ओली शीट टेबलावर टाकली. पैठणी नेसलेल्या बाईचा चेहरा आजारी दिसत होता, निळसर. मामांनी भिंग शीटवर टेकवलं आणि मला वाकायला लावलं. गालावर सायनचे, म्हणजे छपाईतल्या निळ्या शाईचे, ठिपके फुगून एकमेकांना टेकले होते. "निळा चढलाय. तो खाली घेऊ का मॅजेंटा वाढवू?" असं विचारून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मागे मशीन चालूच, सेकंदाला दोन-तीन शीट बाहेर पडताहेत आणि त्या सगळ्या रद्दीत जाणार. मॅजेंटा, म्हणजे छपाईतली गुलाबी शाई, वाढवला असता तर पैठणीचा जांभळा बिघडला असता. मी म्हणाले, निळा खाली घ्या. माझ्या बोलण्याला रुपयांत किंमत असण्याची ती पहिली वेळ. ते भिंग मी पुढे विकत घेतलं, आता स्क्रीनवरचंच काम करते तरी ड्रॉवरमध्ये आहे.

भानू अथैया यांच्याबद्दल लेकीला सांगा. कोल्हापूरच्या, तुमच्या-आमच्या भागातल्या म्हणूनही सांगा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या. 'ईव्हज वीकली' साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटनं काढायच्या. साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटीक काढलं आणि ही रेखाटनं कपड्यात उतरवून बघ म्हणून यांना विचारलं. तिथून कागद सुटला आणि कापड हातात आलं. पुढे १९५६ च्या 'सी.आय.डी.'सारख्या सिनेमांची वेशभूषा, आणि १९८३ साली 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर, कुठल्याही भारतीयाला मिळालेलं पहिलं. नुसतं सुंदर रेखाटन करत राहिल्या असत्या तर चांगल्या चित्रकार म्हणून राहिल्या असत्या. पण कापड कसं पडतं, शिंपी काय म्हणतो, कॅमेऱ्यासमोर काय दिसतं, तिथपर्यंत त्या स्वतः गेल्या.

दुसरी गोष्ट नावाची. या धंद्यात काम जोडीने किंवा गटाने होतं, आणि नाव एकाचं लागतं. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६१ साली उभी राहिली ती ज्या 'इंडिया रिपोर्ट'च्या पायावर, तो १९५८ चा अहवाल चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा. रे म्हणजे त्यांची बायको, स्वतः शिकलेली चित्रकार. तरी कितीतरी जण आजही 'ईम्स' म्हटलं की एकटा चार्ल्स धरतात. वास्तुरचनेतलं प्रिट्झकर पारितोषिक १९९१ साली रॉबर्ट व्हेंचुरी यांना एकट्याला दिलं. बायको डेनिस स्कॉट ब्राउन कामात बरोबरीची भागीदार होती. तिचंही नाव जोडा म्हणून २०१३ साली सह्यांची मोहीम झाली, समितीने नाही म्हणून सांगितलं. एवढ्या मोठ्या बाईची ही गत, तर आमच्या पुण्यातल्या स्टुडिओत काय होत असेल?

म्हणून लेकीला पोर्टफोलिओची एक सवय लावा. प्रत्येक कामाखाली एक ओळ: यात मी नेमकं काय केलं. 'आम्ही केलं' असं लिहू नको म्हणावं. कच्ची स्केचेस फेकू नको. माझ्याकडे मुलाखतीला मुली येतात, काम दाखवतात आणि "सरांनी गाइड केलं" ने सुरुवात करतात. मुलगे तेच काम "मी हँडल केलं" म्हणून दाखवतात. कधीकधी दोघं एकाच प्रोजेक्टवरचे निघतात, तेव्हा गंमत येते.

आता बाळंतपण. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. ऐकायला छान. पण हा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी लागतो, आणि आपल्याकडचे कितीतरी डिझाइन स्टुडिओ पाच-सात जणांचे असतात. माझाही तसाच होता. रजा 'समजुतीने' मिळाली, म्हणजे बिनपगारी. आठ महिन्यांनी परत गेले तर माझे क्लायंट वाटले गेले होते आणि माझ्या वाट्याला परत रफार. महिन्याभरात सोडलं. तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर बसून फ्रीलान्स केलं. एका बेकरीचा लोगो, खोके, पाटी, सगळं मिळून आठ हजारांत करून दिलं. नंतर कळलं, माझ्याच वर्गातल्या मित्राने तेवढ्याच कामाचे चाळीस घेतले होते. त्याच्याकडून मी कोटेशन कसं लिहायचं ते शिकले, त्यात 'दोनदा बदल, तिसऱ्याचे वेगळे पैसे' ही ओळ त्याचीच.

त्यामुळे नोकरी घेताना पगाराबरोबर माणसं किती आहेत तेही तिने विचारावं. दहाच्या आत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी ऑफिसात समिती असणार नाही, जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हेही माहीत असू द्या. लहान स्टुडिओ वाईट असतात असं नाही. काम तिथेच जास्त शिकायला मिळतं.

आणि वर गेलेल्या बायका सगळं नीट करतात असंही समजू नका. गेल्या वर्षी माझ्याच टीममधल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅम, मीटिंगचे मुद्दे दर वेळी मीच का लिहायचे?" मी म्हणणार होते, तुझं लिखाण स्वच्छ असतं म्हणून. शब्द तोंडातच राहिले. आता आळीपाळीने लिहितात. मुलग्यांचे मुद्दे कोणाला वाचता येत नाहीत, पण चाललंय.

तुम्ही वडील आहात म्हणून शेवटचं. सर रात्री पाठवत नव्हते हे मी वर लिहिलं, पण अर्धी गोष्टच सांगितली. आमचे आप्पाही फोनवर तेच म्हणायचे, "रात्री प्रेसवर कशाला? मुलगा आहे ना तिथे." तेव्हा पहिल्या नोकरीत लेक म्हणाली की आज रात्री छपाई आहे, तर येण्याजाण्याची सोय, बरोबर कोण आहे, मालकाचा नंबर, सगळं विचारून घ्या. आणि पाठवा. डबा मात्र द्या, प्रेसच्या आसपास रात्री अकरानंतर चहासुद्धा मिळत नाही.