उडती कार बनवायची आहे, डिग्रीसाठी थांबू का?

प्रश्न: मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. रस्त्यावर चालणारं आणि उडणारं एक रिमोटचं मॉडेल मी बनवलंय. पंखांची घडी होऊन ते मागे बसतात, त्याची बिजागरी, कुलूप, मोटर सगळं माझं आहे. ते बसवायला तीनदा डिझाइन बदललं. आता माणूस बसेल एवढी कार बनवायची आहे. आईबाबा म्हणतात, आधी डिग्री घे. चार वर्षं वाया घालवू का? आणि घ्यायचीच तर एरोस्पेस की मेकॅनिकल?

उत्तर: तुझं मॉडेल चालतं आणि उडतंही, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. काम थांबवू नकोस. पण माणूस बसेल असं काही एवढ्यात बांधायला घेऊ नकोस, आणि डिग्री घेच.

मॉडेलची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. म्हणजे पंखाच्या तेवढ्याच जागेवर दुप्पट भार. तुझी बिजागरी आज जे सहज पेलते, ते मोठ्या आकारात पेलेलच असं नाही. शिवाय रस्त्यासाठी लागणारे ब्रेक, सस्पेन्शन, धडक सोसणारा सांगाडा हे सगळं हवेत गेल्यावर नुसतं ओझं असतं. आणि पंख मागे सरकले की गुरुत्वमध्यही, म्हणजे सगळ्या वजनाचा तोलबिंदू, सरकतो, तो तू मोजलास का?

१९७३ साली अमेरिकेत हेन्री स्मोलिन्स्की यांनी फोर्ड पिंटो गाडीला सेस्ना स्कायमास्टर विमानाचे पंख आणि मागचा भाग जोडला. गाडी चांगली होती, विमानही चांगलं होतं. चाचणी उड्डाणात पंखाचा आधारदांडा गाडीपासून सुटला आणि स्मोलिन्स्की व त्यांचे सहकारी दोघेही गेले. स्मोलिन्स्की स्वतः शिकलेले इंजिनिअर होते. तुला घाबरवायला हे सांगत नाही. घात जोडापाशी झाला, आणि तुझं सगळं काम नेमकं जोडाचंच आहे.

आता स्लोव्हाकियाचे स्टेफान क्लाइन बघ. त्यांची एअरकार २०२१ मध्ये नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडत गेली आणि उतरल्यावर पंख मिटून रस्त्याने शहरात शिरली. पुढच्या वर्षी तिला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळालं, त्याआधी ७० तासांची चाचणी उड्डाणं आणि २०० हून जास्त वेळा उड्डाण-उतरण झालं होतं. प्रोटोटाइपचं, म्हणजे पहिल्या चाचणी नमुन्याचं, खरं काम हे असतं. एकदा उडणं त्यातला छोटा भाग.

शाखेचं म्हणशील तर मी मेकॅनिकल सांगेन. तुझं पत्र पुन्हा वाच: बिजागरी, कुलूप, मोटर, बदललेलं डिझाइन. हवेच्या प्रवाहाबद्दल, स्थिरतेबद्दल अक्षर नाही. तुझं मन यंत्रणेत रमतं, आणि यंत्रणा, धातूंचा थकवा (पुन्हा पुन्हा भार पडून धातू कमजोर होणं), भार यांचा पाया मेकॅनिकलमध्ये पक्का होतो. मात्र वायुगतिकी (हवेच्या प्रवाहाचं शास्त्र) ऐच्छिक विषय म्हणून मिळेल असंच कॉलेज निवड. शक्य असेल तर तिथली वर्कशॉप आणि विंड टनेल (हवेच्या झोतात मॉडेल तपासायचा बोगदा) आत जाऊन बघ. मुलांना स्वतः हात लावू देतात का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचार. विमान किंवा रेसिंग कार बनवणारी विद्यार्थ्यांची टीम असेल तर पहिल्याच वर्षी तिच्यात शीर.

तोवर घरी एकच काम: तीच बिजागरी मोठ्या आकारात बनव आणि जमिनीवरच बांधून तिच्यावर वाळूच्या पिशव्या चढवत जा, मोडेपर्यंत. सोबत मोठं कुणीतरी असू दे, आणि भाराखाली हात नकोत. किती किलोला मोडली, कुठे मोडली, तडा आधी कुठे दिसला, ते तारखेसह वहीत लिही, फोटो काढ. ज्याला मोटारींचं किंवा विमानांचं काम कळतं तो मुलाखतीत उडणाऱ्या मॉडेलच्या व्हिडिओपेक्षा ही वही जास्त वेळ चाळेल.

आईबाबांना हे उत्तर वाचून दाखव. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्या चार वर्षांत तुला कामाला जागा लागेल. ती आत्ताच मागून घे.