पॅनिक अटॅक आला की तिथून पळायचं नाही

प्रश्न : ताई, नाव छापू नका प्लीज. वय 32. काही महिन्यांपूर्वी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अचानक छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, वाटलं संपलं सगळं. कॅज्युअल्टीत नेलं, ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक आहे, टेन्शन घेऊ नका. पण त्यानंतर परत परत येतायत. आता मी लिफ्ट सोडली, मीटिंगला दाराजवळ बसतो, बॅगेत पाण्याची बाटली आणि गोळी असल्याशिवाय बाहेर पडत नाही, लांब जायचं तर बायको सोबत लागते. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. मला वेड तर लागत नाहीये ना?

उत्तर : नाही, वेड लागत नाहीये, आणि हे नुसते मनाचे खेळ पण नाहीत, शरीरात खरोखर काहीतरी चालू असतं. धोका दिसला की अॅड्रिनलीन सुटतं, ठोके वाढतात, श्वास भराभर व्हायला लागतो. तुमच्या बाबतीत धोका नसतानाच ही घंटा वाजते एवढंच. गंमत म्हणजे श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. मग वाटतं हार्ट अटॅकच आहे, त्या भीतीने ठोके अजून वाढतात, की अजून खात्री पटते. या चक्राची मांडणी डेव्हिड क्लार्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1986 साली केली, आणि आजची थेरपी बरीचशी त्यावरच उभी आहे.

चक्कर येऊन पडेन ही भीती बहुतेकांना असते. पण माणूस बेशुद्ध पडतो तो सहसा बीपी एकदम खाली गेल्यावर, आणि पॅनिकमध्ये तर ते वर जातं. म्हणून गरगरतं खूप, पण पडायची वेळ क्वचितच येते.

आता खरा मुद्दा. तुमच्या पत्रात मला अटॅकपेक्षा ती बाटली जास्त खटकली. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो, पण तुम्ही त्याआधीच तिथून निघता किंवा घोट घेता, आणि डोकं हिशोब मांडतं की बाटली होती म्हणून वाचलो. उतरला तो स्वतःहून, क्रेडिट गेलं बाटलीला! असंच करत लिफ्ट गेली, मग मीटिंग, उद्या एकट्याने बाहेर पडणंही जाईल.

म्हणून सोडलेल्या गोष्टी एकेक करून परत घ्यायच्या, सोप्यापासून. आधी एक मजला लिफ्टने, बाटली टेबलावर ठेवून. धडधड झाली तर होऊ द्यायची, आतल्या आत ‘ये बाबा, किती वेळ राहतोस बघू’ म्हणायचं, आणि भीती उतरायला लागेपर्यंत शक्यतो तिथून हलायचं नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारी थेरपी, करणारे थेरपिस्ट तर मुद्दाम खुर्चीत गोल फिरवतात, जागच्या जागी पळायला लावतात, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, म्हणजे तीच लक्षणं आणून दाखवतात की बघा, काही झालं नाही. हे मात्र घरी एकट्याने नको, थेरपिस्टसोबतच करा, आणि दमा, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

गोळीचं म्हणाल तर सायकियाट्रिस्ट जी रोजची औषधं देतात त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. अटॅकपुरती घ्यायची झोपेच्या जातीची गोळी पटकन काम करते पण सवय लागू शकते. तुमच्या बॅगेतली कुठली आहे ते डॉक्टरांना नक्की दाखवा, मनाने बंद पण करू नका. थायरॉईड तपासलं नसेल तर तपासून घ्या, चहा-कॉफी जरा कमी. आणि छातीतलं दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, हातात-जबड्यात गेलं किंवा खरंच शुद्ध हरपली, तर पॅनिकच असेल म्हणून घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : माझे मिस्टर मध्यरात्री दचकून उठतात, घामाघूम, श्वास लागलेला. स्वप्नही पडलेलं नसतं. मी काय करू?

उत्तर : झोपेतही पॅनिक अटॅक येतो, पण घोरणं, झोपेत श्वास अडकणं असं काही नाही ना, हे एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या. नसेल तर त्या वेळी घरभर लाईट लावून सगळ्यांना उठवू नका, ‘शांत हो, शांत हो’ पण नको, त्याने कोणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. जवळ बसा, छोटं वाक्य बोला, ‘अटॅक आहे, उतरेल, मी इथेच आहे.’ श्वास आत घेण्यापेक्षा हळू सोडण्याकडे लक्ष द्यायला सांगा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका, दमा किंवा हार्टचं काही असेल तर तो अंगलट येतो. आणि का झालं, कशाचं टेन्शन आहे ही चौकशी सकाळी, रात्री तीन वाजता नाही.